बेळगावच्या हवेत आफ्रिकन व्हायोलेट: खत, पाणी आणि पावसाळ्याचे चार महिने

आफ्रिकन व्हायोलेट हे घरातल्या कुंडीतलं छोटं फुलझाड आपल्याकडे जगत नाही, असं नर्सरीवालेच पुष्कळदा सांगतात. ते काही खरं नाही. या झाडाला १८ ते २६ अंशांची हवा मानवते, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत वर्षातले बरेच महिने साधारण तेवढंच तापमान असतं. अथणी-रायबागकडे उन्हाळा कडक, तिथे जागा बघून ठेवावं लागतं, एवढाच फरक. झाडं मरतात ती दोन कारणांनी. एक म्हणजे पावसाळ्यात उन्हाळ्यासारखंच पाणी घातलं जातं. दुसरं, घरात कुणीतरी शेतीतलं माणूस असतं आणि ते शेताच्या मापाने खत घालतं.

झाड कुठलं आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. आजच्या टांझानियातल्या उसांबारा डोंगरात, जंगलाच्या सावलीत, कातळाच्या शेवाळलेल्या भेगांत हे मूळचं वाढतं. १८९२ च्या सुमारास वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर या जर्मन अधिकाऱ्याने ते तिथून जर्मनीला पाठवलं आणि पुढच्या वर्षी हर्मान वेंडलांड या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या अधिकाऱ्याच्या आडनावावरून ‘सेंटपॉलिया’ असं नाव ठेवलं. आता शास्त्रज्ञ त्याला स्ट्रेप्टोकार्पस नावाच्या वनस्पतींच्या गटात धरतात, पण नर्सरीत ते नाव घेतलंत तर कुणाला कळणार नाही. खऱ्या व्हायोलेटशी त्याचं नातं नाही. त्याच्या कुळातली भावंडं मात्र आपल्या शेजारीच आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटात ओल्या कातळाला चिकटून ऱ्हिंकोग्लोसमची इवलीशी निळी फुलं येतात, ती याच घराण्यातली. ती कशी उभी असतात ते एकदा बघा. मूठभर कुजका पाला, वरून झिरपणारं पाणी, खाली साचायला जागाच नाही. आपल्याला घरात नेमकं तेच करायचं आहे.

विकत घेताना

दसरा-दिवाळीनंतर घ्या. पावसाळ्यात आलेलं रोप बहुधा गाभ्याशी कुजायला लागलेलं असतं आणि एप्रिलमधलं गाडीतच उन्हाने शिजलेलं असतं. फुलांकडे नंतर बघा. आधी मधला गाभा बघा. तिथली कोवळी पानं मोकळी, हिरवी आणि सरळ असावीत. ती एकमेकांत घट्ट अडकलेली, राखाडी किंवा वाकडीतिकडी असतील तर रोप फुकट दिलं तरी आणू नका. एका कुंडीत एकच गाभा हवा. घरी आणल्यावर इतर झाडांपासून महिनाभर दूर ठेवा आणि तोवर खत अजिबात देऊ नका. मातीत साबुदाण्याएवढ्या पिवळ्या किंवा करड्या गोळ्या दिसल्या तर ते हळूहळू सुटणारं खत आहे. मग आणखी दोनेक महिने थांबा.

कुंडी आणि भरण

कुंडी लहान हवी. पानांच्या घेराच्या एक तृतीयांश, म्हणजे नऊ इंच पसरलेल्या झाडाला तीन इंचांची कुंडी. मोठी कुंडी दिली की मुळं सगळ्या मातीत पोचत नाहीत, माती ओली राहते आणि मुळं सडतात. शिवाय मुळं थोडी दाटली की फुलं चांगली येतात.

अंगणातली तांबडी माती इथे चालत नाही, शेतातली काळी तर नाहीच. शेणखतही नको. भरणासाठी समभाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) घ्या. व्हर्मिक्युलाइट (अभ्रकासारखे हलके खनिज तुकडे) मिळालं तर तिसरा समभाग त्याचा घाला, नाही मिळालं तरी अडत नाही. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजवली की साधारण आठ लिटर होते, म्हणजे दोन-तीन वर्षांची सोय. ती बादलीत भिजवून, पिळून, पाणी बदलून दोन-तीनदा धुवा, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं. पहिल्या पाण्याचा रंग काळ्या चहासारखा येतो. तो फिका होईपर्यंत धुवायचं.

खानापूरची मातीची कुंडी वापरायला माझी हरकत नाही, उलट पावसाळ्यात ती ओल बाहेर टाकते. पण तिच्या काठावर खताचे क्षार पांढरे होऊन बसतात, आणि त्यावर टेकलेला पानाचा देठ आठवड्या-दोन आठवड्यांत तपकिरी होऊन मोडतो. नवख्यांना वाटतं, कीड लागली. काठाला स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या कागदाची घडी गुंडाळा किंवा वितळलेल्या मेणात काठ बुडवून काढा, त्रास संपला. सुरुवातीला मात्र साधी प्लॅस्टिकची कुंडी बरी.

उजेड

पूर्वेची खिडकी सगळ्यांत चांगली. उत्तरेची चालते. पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते मे पातळ पडदा लागेल. जुन्या कौलारू घरांच्या सोप्यात आपल्याला लख्ख वाटतं, पण खोल वळचणीमुळे झाडाला तो उजेड पुरत नाही. सरळ खिडकीच्या फळीवर आणा.

झाड स्वतःच सांगतं. देठ लांब होऊन पानं हात वर केल्यासारखी उभी राहिली तर उजेड कमी. पानं फिकी, कडक होऊन कुंडीला मिठी मारायला लागली तर जास्त. आठवड्यातून एकदा कुंडी पाव वळसा फिरवा, नाहीतर झाड एकीकडे झुकतं.

खिडकी नसेल तर साधी पांढऱ्या उजेडाची एलईडी ट्यूब पानांपासून फूटभर वर लावा आणि दिवसाला दहा-बारा तास चालू ठेवा. रात्री किमान आठ तास अंधार हवाच. हॉलमधला दिवा मध्यरात्रीपर्यंत चालू राहत असेल तर तेही मोजून घ्या.

पाणी

हात लावून बघायचं. वरची माती बोटाला कोरडी लागली आणि कुंडी उचलून हलकी वाटली की पाणी. ‘दर सोमवार-गुरुवार’ असा नेम ठेवलात की झाड गेलं.

पाणी खोलीच्या तापमानाचं हवं. थंडीत गच्चीवरच्या टाकीचं सकाळचं पाणी पानांवर पडलं तर पेशी गार पाण्याने कोलमडतात आणि पिवळट-पांढरी वलयं उमटतात. ती पुन्हा जात नाहीत. आदल्या रात्री तांब्या भरून घरात ठेवला की झालं. गाभ्यात पाणी साचू देऊ नका. साचलंच तर कागदी रुमालाचं टोक लावून टिपून घ्या.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. केटलीत पांढरा थर बसत असेल तर तोच थर कुंडीतही बसतो, माती अल्कधर्मी होते, लोह मुळांना मिळेनासं होतं आणि नवी पानं पिवळी पडतात. अशा घरांनी पागोळ्यांचं पाणी धरावं. आपल्याकडे पावसाची काय कमतरता! मिरगाच्या पहिल्या एक-दोन सरी छप्पर धुऊन जाऊ द्या, मग धरलेलं पाणी गाळून झाकणाच्या कॅनमध्ये भरा. मात्र पावसाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच, म्हणून मी निम्मं पावसाचं, निम्मं बोअरचं असं मिसळते. नळाचं पाणी जड नसेल तर हा खटाटोप करू नका.

नोकरीवाल्यांना आणि विसराळूंना वातीची पद्धत सोयीची. श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा घ्या, झाकणाला मधोमध भोक पाडा. वात कापसाची नको, ती काही आठवड्यांत कुजते. पॉलिस्टर किंवा नायलॉनची हवी. बेळगावच्या वडगाव-खासबागेत यंत्रमागाशी संबंध असलेलं कुणी ओळखीचं असेल तर पॉलिस्टर धाग्याचा तुकडा मागून घ्या, नाहीतर ॲक्रिलिक लोकर चालते. धागा कुठला ते कळत नसेल तर टोक पेटवून बघा. कापूस जळून राख होतो, पॉलिस्टर आक्रसून काळा टणक मणी होतो.

वात आधी ओली करा. कुंडीच्या तळाच्या भोकातून वर घ्या, तळाशी एक वेढा द्या, वर भरण घाला, रोप लावा. वरून एकदा पाणी घालून सगळं ओलं करा, कारण कोरड्या मातीतून वात पाणी चढवत नाही. मग वातीचं दुसरं टोक झाकणाच्या भोकातून डब्यातल्या पाण्यात सोडा आणि कुंडी झाकणावर ठेवा. कुंडीचा तळ पाण्याला लागता कामा नये. झाकण नीट बसलेलं असू द्या, आपल्याकडे डेंग्यूचे डास घरातल्या वाटीभर पाण्यातही होतात.

खत

आता मुख्य गोष्ट. खास व्हायोलेटसाठीची परदेशी खतं ऑनलाइन मिळतात, महागही असतात. त्यांची गरज नाही. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘एकोणीस-एकोणीस’ मागा. अथणीचा द्राक्षवाला ठिबकमधून देतो तेच विद्राव्य खत, १९:१९:१९. किलोची पिशवी घरच्या पाच-दहा झाडांना संपता संपत नाही. शेतकरी नातेवाईक असतील तर मूठभर त्यांच्याकडूनच आणा.

पिशवीवरचे तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे. नत्राने पानं वाढतात, स्फुरद मुळांच्या आणि वाढीच्या कामाचं, पालाशने झाड दणकट होतं आणि फुलांना बळ मिळतं. आफ्रिकन व्हायोलेटला तिन्ही सारख्या प्रमाणात चालतात. या खतातल्या नत्राचा बराच भाग युरियाच्या रूपात असतो, आणि युरिया जास्त झाला की या झाडाची केसासारखी बारीक मुळं करपतात. म्हणून सगळा खेळ मापाचा आहे.

शेतात फवारणीला लिटरला चार-पाच ग्रॅम घेतात. आपल्याला लिटरला पाव ग्रॅम हवं. पाव ग्रॅम घरच्या कुठल्याच काट्यावर मोजता येत नाही, म्हणून असं करा. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा खत विरघळवा. हे मूळ द्रावण. खोकल्याच्या औषधाबरोबर १० मिलीची खूण असलेलं टोपण येतं, ते धुऊन या कामाला कायमचं ठेवा. मूळ द्रावणाची पाच टोपणं, म्हणजे ५० मिली, मोजून घ्या आणि त्यात पाणी घालून एकूण एक लिटर करा. झालं झाडाला द्यायचं पाणी. मूळ द्रावणाची बाटली कपाटात अंधारात ठेवा, वर मोठ्या अक्षरांत ‘खत’ लिहा आणि दोन आठवड्यांत संपवा. उरलंच तर दहापट पाणी घालून अंगणातल्या जास्वंदीला.

हे पातळ पाणी प्रत्येक वेळी द्यायचं, वातीच्या डब्यातही तेच भरायचं. महिन्यातून एकदा चमचाभर खत ओतण्यापेक्षा हे झाडाला फार मानवतं, तान्ह्या बाळाला थोडं थोडं पाजतात तसं. माती पूर्ण सुकलेली असेल तर मात्र आधी साधं पाणी द्या. कोरड्या मुळांवर खताचं पाणी पडलं की ती भाजतात. पानांवर खत फवारू नका. लव असलेली पानं पाणी धरून ठेवतात, डाग पडतात.

महिन्यातून एकदा कुंडी धुवायची. वात डब्यातून काढा, कुंडी न्हाणीत नेऊन मातीवर कडेकडेने साधं पाणी सोडा, कुंडीच्या तीन-चार पट, आणि पूर्ण निथळू द्या. साचलेले क्षार वाहून जातात. वातीने पाणी फक्त वर चढतं, त्यामुळे क्षार मातीच्या वरच्या थरात गोळा होतात, म्हणून वातीवाल्यांनी हे चुकवू नये.

खत जास्त झालंय हे कळतं गाभ्याजवळ. कोवळ्या पानांच्या लवेवर गंजासारखे नारिंगी कण दिसतात, पानं दाटतात, कडक होऊन मोडायला लागतात. असं दिसलं की कुंडी दोनदा धुवा आणि महिनाभर निव्वळ पाणी. खत कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात, सगळं झाड फिकट आणि लहान राहतं. खालचं एखाद-दुसरं पान पिकणं हे वयाचं, त्याला खताचं उत्तर नाही.

फुलं येत नाहीत म्हणून लोक ००:५२:३४ आणतात. द्राक्षाला घातलं की घड भरतो हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. इथे त्याचा काही उपयोग नाही. फुलं नसण्याचं कारण दहातल्या आठ वेळा उजेड असतो. खिडकी बदलून सहा-आठ आठवडे थांबा, मग बोला.

डीएपीचे दाणे, सुफला, युरिया या शेतातल्या दाणेदार खतांतलं काहीही या कुंडीत टाकू नका. ‘चारच दाणे टाकले होते’ या वाक्यानंतरची गोष्ट नेहमी सारखीच असते. शेंगदाण्याची पेंड भिजवून घरात वास आणि माशा करून घेऊ नका. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, केळ्याच्या साली परसातल्या झाडांना घाला. गांडूळखत मोठ्या कुंड्यांना उत्तम, पण वातीवरच्या सतत ओल्या कुंडीत त्यातून बारीक काळ्या माश्या होतात.

पिशवी उघडल्यावर खत घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, पावसाळ्यात ते ओल ओढून दगड होतं. स्वयंपाकघरात ठेवू नका. मिठासारखं दिसतं, घरात मुलं असतात.

पावसाळा, थंडी, उन्हाळा

जून ते सप्टेंबर हा खरा कस. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, भिंती पाझरतात, कपडे वाळत नाहीत. उजेड नसला की झाड कमी जेवतं, आणि हवेत ओल असल्याने कुंडीतलं पाणीही उडत नाही. म्हणून या चार महिन्यांत खताचं पाणी एका आड एक करा, एकदा खताचं, एकदा साधं. वातीचा डबा रिकामा झाल्यावर लगेच भरू नका, दोन-तीन दिवस कोरडा राहू द्या, माती वरून सुकू द्या. झाडं एकमेकांना टेकू देऊ नका आणि दिवसा छोटा पंखा दूरून मंद चालू ठेवा, हवा खेळली पाहिजे. ट्यूबचा उपयोग सगळ्यांत जास्त याच दिवसांत होतो. आणि लक्षात ठेवा: माती ओली असूनही पानं लुळी पडली, तर पाणी कमी नाही, मुळं कुजलीत. तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे झाडाला निरोप देणं.

थंडीत बेळगावात रात्रीचा पारा १४-१५ पर्यंत उतरतो. झाड मरत नाही, फक्त थबकतं. रात्री काचेपासून हातभर आत घ्या.

अथणी, रायबाग, गोकाककडे एप्रिल-मेमध्ये घरातली सगळ्यांत थंड खोली शोधा. पसरट ताटात खडे आणि पाणी ठेवून त्यावर कुंड्या मांडा, तळ पाण्याच्या वर राहील असं. तीसच्या वर पारा गेला की फुलाच्या कळ्या गळतात, ते मनाला लावून घेऊ नका. कूलरचा झोत थेट झाडावर नको.

कीड आणि रोग

द्राक्ष आणि भाजीपाला करणाऱ्यांना ही सगळी मंडळी ओळखीची आहेत. पांढरी पावडर शिंपडल्यासारखं दिसलं तर भुरी. हवा खेळती करा, खराब फुलं-पानं काढून टाका. पानाच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका असेल तर पिठ्या ढेकूण. कान साफ करायच्या काडीचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा, आठवड्याने पुन्हा. फुलांच्या पाकळ्यांवर पिवळे पराग सांडलेले दिसले तर फुलकिडे. सगळी फुलं आणि कळ्या खुडून टाका, तीच त्यांची जागा. गाभा घट्ट, राखाडी, लवेने भरलेला झाला तर सूक्ष्म कोळी. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि एकाच झाडावर असेल तर ते झाड पिशवीत बांधून फेकून देणं स्वस्त पडतं.

निपाणीकडे कुणीतरी तंबाखूचं पाणी मारायचा सल्ला हमखास देईल. निकोटिन हे विष आहे, जेवणाच्या टेबलाजवळच्या झाडावर ते मारायचं नाही.

मान वर आली की

खालची पानं गळत गेली की वर्षभरात झाडाला उघडी मान दिसायला लागते. तेव्हा, शक्यतो नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत, झाड कुंडीतून काढा. मान जेवढी लांब तेवढाच मुळांच्या गोळ्याचा तळ सुरीने कापून टाका. मानेवरची तपकिरी साल सुरीच्या बोथट बाजूने हलकेच खरवडा आणि झाड त्याच कुंडीत खाली बसवा, वर नवं भरण घाला. मानेतून नवी मुळं फुटतात. पहिले तीन-चार आठवडे खत बंद, फक्त साधं पाणी.

पानांच्या बेचक्यात बाजूचं पिल्लू दिसलं, चार पानांचं झालं, की टोकदार काडीने काढून टाका. ठेवलंत तर दोन गाभे भांडतात आणि फुलं कुणालाच येत नाहीत.

नवं रोप करायचं तर मधल्या ओळीतलं निरोगी पान घ्या. देठ इंचभर ठेवून तिरका काप द्या, ओल्या कोकोपीट-परलाइटमध्ये खोचा आणि वर पारदर्शक डबा पालथा घाला. तीन-चार आठवड्यांत मुळं, दोन-तीन महिन्यांत पायथ्याशी पिल्लं. पिल्लाची पानं नाण्याएवढी झाली की वेगळं करा आणि आपल्या खताचं पाणी आणखी निम्मं पातळ करून द्यायला लागा. पाकळीवर मधोमध दुसऱ्या रंगाचा पट्टा असलेल्या काही जाती मात्र पानापासून तशाच येत नाहीत, फुलं एकाच रंगाची निघतात. त्यांच्यासाठी बेचक्यातलं पिल्लूच लावावं लागतं, तेव्हा ते फेकू नका.